मांडीच्या मागचा स्नायू

ताकदीचा प्रशिक्षक म्हणून काम करून मी पुढे व्यायामशास्त्र शिकवू लागलो. महोत्सवी स्मरणिकेत शाळेला काही द्यायचं तर ते याच विषयातलं आणि खो-खोच्या मैदानावर लगेच वापरता येईल असं असावं, ही मनापासूनची इच्छा.

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या तालमींनी जोर-बैठकांवर पिढ्या घडवल्या. जोरांनी छाती आणि दंड भरतात, बैठकांनी मांडीचा पुढचा भाग. मागचा स्नायू, ज्याला खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात, या दोन्हींत फारसा राबत नाही. टाचा उचलून गुडघे पुढे गेले की भार पुढच्याच स्नायूंवर येतो. खो-खोत मात्र 27 मीटर लांबीच्या मैदानात जीव तोडून धावायचं आणि खांबापाशी क्षणात वळायचं. वेगात पुढे फेकलेला पाय जमिनीला टेकण्याआधी हाच स्नायू ताणला जात असताना त्याला आवरतो, आणि बहुधा तिथेच दुखावतो. म्हणून त्याला ताणलेल्या अवस्थेत जोर लावण्याची सवय हवी.

त्यासाठी नॉर्डिक व्यायाम उत्तम. जाड सतरंजीवर गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे घट्ट दाबायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून 3 ते 5 सेकंदांत पुढे कलत जायचं. सावरता येईनासं झालं की तळहात टेकायचे आणि हातांनीच ढकलून वर यायचं. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, 5-5 वेळा, 2 सेट. दुसऱ्यात दोन दिवस, 6-6 वेळा. तिसऱ्यापासून तीन दिवस आणि 3 सेट: आधी 6 ते 8, मग चौथ्यात 8 ते 10 वेळा. घाई केली तर पुढचे दोन-तीन दिवस पाय इतके दुखतात की मुलं व्यायामच सोडतात. कंबरेत वाकणं ही सर्रास दिसणारी चूक. त्याने मागच्या स्नायूवरचा भार हलका होतो. सामन्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम नकोच. ज्या फुटबॉल संघांनी तो नेमाने केला, त्यांच्यात या स्नायूच्या दुखापती निम्म्याच्या आसपास घटल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

वजन उचललं की उंची खुंटते, या पालकांच्या भीतीला आधार नाही. धोका असतो तो चुकीच्या पद्धतीत आणि देखरेख नसण्यात. वरच्या वर्गातल्या मुलांची कमाल ताकद, म्हणजे एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन, अजमावायला अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाचे एकेकाळचे प्रशिक्षक बॉइड एपली यांचं सूत्र पुरतं: जितक्या वेळा उचललं त्या आकड्याला 30 ने भागा, त्यात 1 मिळवा, त्याने वजनाला गुणा. 30 किलो 10 वेळा उचललं, तर अंदाज 40 किलो. दहाच्या पुढे हा अंदाज ढिला पडतो.

पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो, तेव्हा व्हरांड्यातच ही तयारी उरकते. मिळवलेली ताकद काही आठवड्यांच्या खंडाने ओसरू लागते, म्हणून दसऱ्याच्या सुट्टीतही आठवड्यातून एकदा हा व्यायाम व्हावा. घोटे धरायला घरातलं कुणीही चालतं.