टाळ कधी थांबतो

वारीला गेलं की माणूस बदलतो, असं सांगणारे बरेच जण स्वतः कधी वारीला गेलेले नसतात. माऊलींच्या पालखीच्या वाटेतला साताऱ्याचा भाग, म्हणजे लोणंद ते बरड, मी एका दिंडीबरोबर चालले. माणूस घरी असतो तसाच वाटेवरही असतो, फक्त त्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते.

नीरेत पादुकांचं स्नान झालं की पालखी पाडेगावात आपल्या जिल्ह्यात येते आणि लोणंदला उतरते. मी तिथं दिंडीची भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाचे पैसे, भरले. तंबूत जागा मिळाली ती माणदेशातल्या एका आजींशेजारी. त्या रात्री दाराकडच्या जागेवरून आजींचं आणि कराडकडच्या एका मावशींचं असं काही जुंपलं, की झोपलेलेही उठून बसले.

"दरसाल हितंच पडते मी."

"तंबू काय तुमच्या बापानं शिवलाय?"

पहाटे काकड्याला दोघी 'माऊली, माऊली' म्हणत एकमेकींच्या पाया पडल्या. चला, मिटलं, असं मला वाटलं. तासाभरात टँकरच्या नळावर हंड्याच्या नंबरावरून पुन्हा सुरू!

आधी मला हे ढोंग वाटलं. नंतर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिंड्या उभ्या, मधून आधी स्वाराचा घोडा आणि मागोमाग माऊलींचा. त्याच्या पाठीवर कोणी नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही दिसतं. पण माऊली बसलेत की नाही यावर तिथं वाद घालणारं कोणी नव्हतं. वाद होता तो पुढं कोण उभं राहिलं आणि कुणाला दिसेना यावर. घोडा गेला आणि टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली. कराडच्या मावशींनी मूठभर उचलली, आधी आजींच्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या. दोघी एकमेकींशी बोलल्या मात्र नाहीत.

तरडगावात समाजआरतीला उभी राहिले, तेव्हा कोडं थोडं सुटलं. चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावून 'होऽऽ' केलं आणि सगळे टाळ एकदम थांबले. एवढ्या गर्दीत इतकी शांतता मी कुठं ऐकली नव्हती. पण एका दिंडीचे टाळ खणखणतच राहिले. "तक्रार हाय त्यांची," आमचे विणेकरी म्हणाले. तक्रार असलेली दिंडी टाळ थांबवत नाही. मग चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, आणि समाधान झालं की टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं सांगतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात. मग आरती. भांडणाला आरतीच्या आधीची जागा नेमून दिलेली आहे!

सोहळ्याला आजची शिस्त लावली ती आपल्याच जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी, १८३२ च्या सुमारास. ते शिंद्यांच्या दरबारी होते, फौजफाटा बघितलेला माणूस. रथाच्या पुढच्या दिंड्या, मागच्या दिंड्या, त्यांचे क्रमांक, चोपदार ही सगळी मांडणी बघताना मला तरी वाटतं, की माणसं देवाच्या वाटेवर आहेत म्हणून गुण्यागोविंदानं राहतील, असल्या भ्रमात हा गृहस्थ नव्हता. श्रद्धेनं माणूस सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर रांग तरी सरळ राहावी. मला ही समजूत फार मोठी वाटते. ढोंग हा शब्द मी मनातून काढून टाकला.

फलटणची वाट लांब आणि उन्हाची. पालखी मार्ग आता चांगलाच रुंद झालाय, मध्ये दुभाजक, कडेला पेट्रोलपंप. आजी मात्र जुन्याच रस्त्यानं चालत होत्या. "हितं वड हुता. माझ्या सासूनं त्येच्याखाली भाकरी सोडल्याली." वड नाही, सासूही नाही. तरी जागा आली की त्यांचा पाय आपोआप मंदावायचा आणि मागची रांग त्यांच्यावर आदळायची.

वय विचारलं तर म्हणाल्या, "वाऱ्या मोज." कोरोनात, २०२० आणि २०२१ साली पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, त्याचं काय? "ती दोन सालं माझ्या वयात धरू नगंस. मी घरात बसल्याली."

फलटणला रामाचं दर्शन गर्दीत जेमतेम झालं. रात्री पाऊस, चिखल, पिठलं-भाकरी. जास्त काही सांगण्यासारखं नाही.

बरडला माझी रजा संपली. मी पिशवी भरायला घेतली, तशा आजी जवळ सरकल्या. मला वाटलं, निरोपाचं काही बोलतील.

"तू निघालीस न्हवं? मग तुझी जागा त्या कराडवालीला दे. दारात भिजती ती. पण पायाकडची दे बाय, उशाकडची न्हाय."