कुलूपबंद खोलीतली दहा युनिटे

२०२४ च्या जुलैमध्ये नोकरीनिमित्त मी साताऱ्यात एकटीने राहायला आले, तेव्हा पगारातून भाडे वजा केल्यावर किती उरते एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता. आमचे घर माण तालुक्यात आहे आणि तिथे बिले हा संपूर्णपणे आण्णांचा विषय होता. ग्रामपंचायतीची पाणीपट्टी वर्षातून एकदा भरायची, गॅसची टाकी संपली की दुसरी लावायची आणि विहिरीवरच्या मोटारीचे बिल अश्वशक्तीवर यायचे, म्हणजे मोटर तासभर चालो की रात्रभर, आकडा तोच. शिक्षणाची वर्षे वसतिगृहात गेली, तिथे सगळे फीमध्येच धरलेले असे. त्यामुळे आपण किती वापरतो हे मोजायची वेळ माझ्यावर चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा आली.

खोली शाहूनगरला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मिळाली. खाली घरमालक, वर दोन बिऱ्हाडे, त्यातले एक माझे. लाइटबिल साधारण किती येईल असे विचारल्यावर घरमालक काका म्हणाले, "एकट्या माणसाला कितीसं येणार? तीनशे-चारशे." हे उत्तर त्यांनी सद्भावनेने दिले असले तरी मी आधीच्या भाडेकरूंचे एखादे बिल मागून घेतले. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर युनिटांत छापलेला असतो, आणि खोली बघायला जाताना भिंतींच्या रंगापेक्षा तो तक्ता आधी पाहावा, असे माझे आता मत आहे. आधी तिथे चौघांचे कुटुंब राहत होते आणि त्यांचा वापर महिन्याला १४० ते १७० युनिटे दिसत होता.

चौघांना १६०, तर एकटीला ४० असा त्रैराशिकाचा मोह मला झाला, पण तो हिशोब दोन्ही बाजूंनी चुकतो. फ्रिज आणि वायफायचा राउटर यांना घरात माणसे किती आहेत याच्याशी देणेघेणे नसते, आणि स्थिर आकार तर एक युनिट न जाळताही भरावाच लागतो. म्हणजे माणसे एक-चतुर्थांश झाली तरी युनिटे तेवढी उतरत नाहीत. उलट युनिटे निम्मी झाली तर रक्कम मात्र निम्म्याहून खाली येते, कारण घरगुती दराचे टप्पे असतात. त्या वर्षीच्या दराने वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा खर्च) धरून पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी सहा रुपयांच्या आतबाहेर पडत होते, तर १०१ ते ३०० या टप्प्यात तेच युनिट साडेअकरा रुपयांच्या आसपास जात होते. त्यावर सव्वाशेच्या थोडा पुढे स्थिर आकार, दर महिन्याला बदलू शकणारा इंधन समायोजन आकार आणि या साऱ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन सोडून मी मांडून पाहिले, तर १६० युनिटांचे बिल सुमारे सोळाशे रुपये आणि ८० युनिटांचे सातशेच्या आत येत होते.

मग मी वस्तू मोजायला घेतल्या. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट, एवढेच सूत्र लागते. जुना पंखा ७५ वॅटचा, रोज दहा तास धरला तर महिन्याला २३ युनिटे. दोन बल्ब आणि एक एलईडी ट्यूब मिळून ६. घरमालकांनी ठेवलेल्या फ्रिजच्या दारावरील स्टार लेबलवर वर्षाचा वापर १८२ युनिटे असा छापलेला होता, तो बाराने भागून १५. गीझर दोन हजार वॅटचा, रोज पंधरा मिनिटे, म्हणून आणखी १५. राउटर किरकोळ वाटतो, पण दहा वॅटचा तो चोवीस तास चालू असल्यामुळे त्याचे ७ होतात. लॅपटॉप, इस्त्री, मिक्सर, मोबाइल यांचे मिळून ७. बेरीज ७३ आणि रक्कम साधारण साडेसहाशे. वहीच्या पहिल्या पानावर हा आकडा मी चौकट करून लिहिला आणि काकांच्या तीनशे-चारशेला मनातल्या मनात हसले.

१० जुलैला सामान आत घेण्यापूर्वी जिन्याखालच्या फळीवरील तीन मीटरांपैकी माझ्या मीटरचा फोटो काढला. आकडा ४८२२ होता. रीडिंग घेणारा माणूस २१ तारखेच्या सुमारास येतो, त्यामुळे पहिले बिल अर्धे माझे आणि अर्धे रिकाम्या खोलीचे येणार हे ठरलेलेच होते. बिल आले त्यात मागील रीडिंग ४८१२ आणि चालू रीडिंग ४८६३ होते. माझ्या फोटोनुसार त्यातली ४१ युनिटे माझी आणि १० आधीची. काकांनी त्या दहा युनिटांचे आणि रिकाम्या दिवसांच्या स्थिर आकाराचे पैसे काही न बोलता माझ्या हातावर ठेवले आणि आपला हिशोब किती चोख आहे या समाधानात मी जिना चढून वर गेले.

इथे माझ्या दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे ४१ हा आकडा ७३ पेक्षा बराच कमी पाहून मी निश्चिंत झाले, पण तो ११ दिवसांचा आहे हे लक्षात घेऊन भागाकार केला नाही. दिवसाला पावणेचार युनिटे म्हणजे महिन्याला ११० च्या वर, हे तिथेच कळले असते. दुसरी चूक अधिक मोठी. जूनचे रीडिंग होण्याआधीच रिकाम्या झालेल्या, फ्रिजचा प्लगसुद्धा काढून ठेवलेल्या आणि कुलूप लावलेल्या खोलीत एकोणीस दिवसांत दहा युनिटे कोणी वापरली, हा प्रश्न मला पडलाच नाही.

ऑगस्टमध्ये पूर्ण महिन्याचे बिल आले ते १११ युनिटांचे, एक हजाराला थोडे कमी. माझा अंदाज ३८ युनिटांनी हुकला होता. कार्यालयात ज्याला त्याला सांगितले, तेव्हा सगळ्यांचे एकच निदान होते, "मीटर पळतंय, अर्ज कर." अर्ज करण्यापूर्वी आपले घर तपासावे म्हणून मी आधी गीझरकडे वळले. टाकी १५ लिटरची होती. २० अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायला दोन हजार वॅटच्या गीझरला वीस मिनिटे लागतात, पंधरा नव्हेत. त्याहून वाईट म्हणजे अंघोळ होईपर्यंत मी तो चालू ठेवत असे. गरम पाणी बाहेर येते तसे तेवढेच थंड पाणी आत भरत राहते, आणि गीझर तेही इमानाने तापवतो, जे पुढे दिवसभर टाकीत निवत बसते. एका रविवारी बाकी सगळी बटणे बंद ठेवून अंघोळीआधी आणि नंतर मीटर पाहिले, तर फरक जवळजवळ एका युनिटाचा होता. मी अर्धे धरले होते, म्हणजे १५ युनिटे इथेच सापडली.

सात-आठ युनिटे पावसाने खाल्ली. साताऱ्याचा पाऊस मी ऐकून होते, पण माणदेशातल्या माणसाला वाळत घातलेले कपडे तीन दिवस ओले राहू शकतात याची कल्पना करता येत नाही. दोरी पंख्याखाली बांधून मी कामावर जाताना पंखा चालू ठेवून जात होते. हा खर्च आवश्यक होता, त्याबद्दल तक्रार नाही.

उरलेल्या पंधरा युनिटांचा मात्र कुठेच पत्ता लागेना. मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो आणि त्याच्या शेजारी एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो हे छापलेले असते. माझ्या मीटरवर ३२०० लिहिले होते. घरातला मेन स्विच पाडला की तो थांबला पाहिजे. रविवारी सकाळी आठ वाजता मी मेन स्विच पाडून खाली गेले आणि तीन मिनिटे त्या दिव्याकडे पाहत उभी राहिले, पण तो एकदाही लुकलुकला नाही. मीटरमध्ये आणि वायरिंगमध्ये काही दोष नाही असे वहीत लिहून मी तो विषय जवळपास मिटवला होता.

पुढे तीन-चार दिवसांनी रात्री साडेआठला दूध घेऊन येताना जिन्याखाली सहज नजर गेली. पुन्हा एकदा पाहावे म्हणून वर जाऊन मेन स्विच पाडला, खाली आले आणि घड्याळ लावले. दिवा लुकलुकला. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा एकदा. दोन लुकलुकींमध्ये २२ ते २३ सेकंद जात होते. तासाला साधारण १६० वेळा, म्हणजे युनिटाचा विसावा भाग, म्हणजे ५० वॅट. घरात माझे काहीही चालू नसताना ५० वॅटचे काय असेल, असा विचार करत मी वर पाहिले तर डोक्यावर जिन्यातली जुनी ट्यूबलाइट जळत होती, तांब्याच्या चोकची, गुणगुणणारी. मी तिचे बटण बंद केले. मिनिट गेले, दोन गेली, लाल दिवा लागला नाही. संध्याकाळी लागणारी आणि रात्री उशिरापर्यंत, कधीकधी पहाटेपर्यंत चालू राहणारी ती ट्यूब सरासरी दहा तास धरली तर रोज अर्धे युनिट होते. सकाळच्या परीक्षेत ती सापडणे शक्यच नव्हते. आणि १९ दिवसांची साडेनऊ युनिटे म्हणजेच कुलूपबंद खोलीतली ती दहा.

काकांना दुसऱ्या दिवशी सगळे दाखवले. ते आधी म्हणाले, "जिना सगळ्यांचाच आहे, कुणाच्या तरी मीटरवर असणारच ना?" हा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, पण करारात मी माझ्या खोलीच्या विजेचे बिल भरीन असे लिहिले होते, जिन्याचे नाही. मी काही म्हणण्याच्या आत काकू म्हणाल्या, "पोरगी येण्याआधीच्या दहा युनिटांचे पैसे तुम्ही दिलेच होतेत की. तेव्हा नाही विचारलंत, बंद खोलीत कोण राहत होतं ते?" वायरमन यायला दोन आठवडे गेले. त्याने जिन्याची वायर मालकांच्या मीटरवर घेतली आणि ट्यूबच्या जागी नऊ वॅटचा बल्ब बसवला. मधल्या काळाचे शंभर रुपये काकांनी भाड्यातून वळते केले. आधीच्या कुटुंबाने ती ट्यूब किती वर्षे पोसली असेल हा विचार मनात आला, पण ते घर सोडून गेले होते.

गॅसचा अंदाज त्या मानाने सरळ निघाला. करार नोंदणी होऊन हाती येईपर्यंत पत्त्याचा पुरावा नव्हता, म्हणून ओळखपत्रावर मिळणारी पाच किलोची लहान टाकी घेतली आणि तिच्यावर खडूने तारीख लिहिली. ती ३३ दिवस पुरली, म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम. त्या हिशोबाने १४.२ किलोची घरगुती टाकी ९५ दिवस जायला हवी. पुढे जोडणी मिळाल्यावर ती ९८ दिवस गेली. लहान टाकीत किलोमागे पैसे जास्त पडतात, पण सुरुवातीला मोजमाप म्हणून ती सोयीची आहे. टाकी घेताना तिच्या कड्याजवळ छापलेले रिकामे वजन वाचून काट्यावर खात्री करून घ्यावी.

शाहूनगरला पाणी जीवन प्राधिकरणाचे, म्हणजे राज्याच्या पाणीपुरवठा संस्थेचे आहे आणि मीटरवर बिल येते, एक युनिट म्हणजे हजार लिटर. पेठेत राहणाऱ्या माझ्या सहकारी मैत्रिणीकडे कास तलावाचे पाणी येते, ते उतारानेच शहरात उतरते, आणि त्यांच्याकडे नगरपालिकेची पाणीपट्टी असते. आमच्याकडे बिलाचे सरळ तीन बिऱ्हाडांत तीन वाटे होतात, माणशी नाही. खाली चौघे, शेजारी तिघे आणि मी एकटी, म्हणजे आठांतला एक वाटा वापरून मी तिसरा वाटा भरते. बादल्या मोजून मी तेही मांडले होते, पण फरक फार मोठा नव्हता आणि ट्यूबचे प्रकरण ताजे होते, म्हणून गप्प बसले.

इंटरनेटबाबत जाहिरातीतला ३९९ हा आकडा १८ टक्के कर धरून ४७१ होतो. मोबाइलचा रिचार्ज २८ दिवसांचा असल्यामुळे वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो. ऑक्टोबरात महिन्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक असे दोन रिचार्ज अंगावर आले तेव्हा हे कळले.

ट्यूब गेली, पाऊस ओसरला, गीझर मी अंघोळीला जातानाच बंद करू लागले, आणि ऑक्टोबरचे बिल ७६ युनिटांचे आले. डिसेंबरात नळाचे पाणी हाताला बोचू लागले तशी ती ८८ झाली. आता विजेसाठी मी दरमहा नऊशे बाजूला ठेवते, गॅससाठी तीनशे, आणि दर रविवारी मीटरचा आकडा वहीत लिहिते.

जानेवारीत एका संध्याकाळी काकूंनी खालून हाक मारली. त्यांच्या हातात त्यांचे स्वतःचे बिल होते. "आमचंपण एकदा बघ गं," असे म्हणून त्यांनी मेन स्विच पाडला. अंधारात काका घरातून ओरडले, आणि आम्ही दोघी जिन्याखाली उभ्या राहून त्यांच्या मीटरवरचा लाल दिवा मोजू लागलो. जिन्यातल्या बल्बचे बटण आधी बंद करायला मी विसरले नव्हते.