पाऊणकी

आजी शाळेत कधी गेली नाही. भाऊ ओटीवर बसून पाढे घोकायचे, ते माजघरातून ऐकून तिचे पाठ झाले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीसुद्धा. त्यातली पाऊणकी तिने मरेपर्यंत वापरली. खाडीवर तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जायचं असलं की आदल्या रात्री तिथी विचारायची आणि ओठांतल्या ओठांत चालू करायची: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार... पंचमी असली की पाचव्यावर थांबायची. उद्या पावणेचारला भरती. त्याच्या सहा तास आधी सुकती (पूर्ण ओहोटी), म्हणजे पावणेदहाच्या आत टोपली घेऊन वाळूवर हजर.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आमच्या आंजर्ल्याकडे, हर्णैला हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि मुंबईत गणितात बीएस्सी करून आलेल्या मला ते बरीच वर्षं अंधश्रद्धेच्या जवळचं काहीतरी वाटायचं. एकदा कागद घेऊन बसलो तेव्हा जिरली. चांद्रमास म्हणजे तीस तिथी, आणि तेवढ्यात चंद्र माथ्यावर यायची वेळ चोवीस तासांनी पुढे सरकते. चोवीस भागिले तीस, तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. आजी धरायची पंचेचाळीस. तिथीमागे तीन मिनिटांची चूक, बस्स.

गंमत पुढे आहे. ही तीन-तीन मिनिटं साठत जातात. पौर्णिमेला पाऊणकी सांगते सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण. एका रात्रीत दीड तासाची उडी! समुद्र काही उडी मारत नाही, तो आपला अठ्ठेचाळीस मिनिटांनीच सरकतो. म्हणजे पंधरवडाभर केलेली उसनवारी पाऊणकी प्रतिपदेला एकदम चुकती करते. आजीला हे माहीत होतं की नाही, सांगता येणार नाही. पण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी ती म्हणायची, "आज जरा उशीर धर हो."

आता माझी फजिती. तीन वर्षांपूर्वी पुण्याचे पाहुणे होते (निवासाच्या दोन खोल्या भाड्याने देतो, त्यावर आणि कलमांवर घर चालतं). त्यांना खाडीच्या तोंडाशी वाळूवर न्यायचं होतं. पंचमीच होती. जीप सुकतीच्या वेळी, साडेनऊच्या सुमाराला, खाली वाळूत नेऊन लावली. पुतण्याने पाण्याच्या कडेला एक बांबू रोवला. तासाभराने पाहिलं तर बांबूवर पाणी वीतभरही चढलं नव्हतं. मी लगेच त्रैराशिक मांडलं: एका तासात इतकं, तर तीन तासांत तिप्पट. जीप त्याच्या वर होती. पाहुण्यांना सांगितलं, साडेबारापर्यंत निवांत हिंडा.

साडेबाराला जीपच्या पुढच्या सीटवर पाणी होतं.

शेवटी मासेमारी करणाऱ्या नानांनी आठ-दहा जणांना हाका मारल्या, दोर लावला, तरी हलेना, तेव्हा जेसीबी आणावा लागला. त्याचे पैसे गेले, इंजिन खोलावं लागलं त्याचे गेले, आणि पाहुण्यांनी सगळं मोबाइलवर शूट केलं ते वेगळंच. नाना ओल्या लुंगीने उभे राहून एवढंच म्हणाले, "अरे, पाणी पयले दोन तास झोपल्यासारखं येतं. मंग धावतं. तुला कोनी सांगितलं नाय?"

सांगितलं होतं की. कॉलेजात साईनचा आलेख मीच दहा वेळा काढला होता. खलाशी त्याचा सोपा हिशोब करतात. चढणाऱ्या पाण्याचे बारा वाटे धरायचे, मासळीबाजारात धरतात तसे. पहिल्या तासाला एक वाटा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्यालाही तीन, मग दोन, मग एक. पडवीतल्या झोपाळ्यासारखं आहे हे, दोन्ही टोकांना रेंगाळतो आणि मधे सुसाट. समजा दोन मीटर चढायचं आहे. पहिल्या तासात सतराच सेंटिमीटर. तीन तासांत त्याच्या तिप्पट व्हायला हवं होतं असं मी म्हणत होतो, प्रत्यक्षात होतं सहापट, मीटरभर. माझा गुणाकार बरोबर होता. त्रैराशिक चुकलं नव्हतं, त्रैराशिक तिथे लागतच नव्हतं.

तेव्हापासून मला हे सगळीकडे दिसतं.

नानांच्याच मुलाने होडीच्या इंजिनासाठी एक लाखाचं कर्ज काढलं. देणाऱ्याने सांगितलं, दहा टक्के, फ्लॅट, तीन वर्षं. लाखाला वर्षाला दहा हजार, तिनाचे तीस, एक लाख तीस हजार भागिले छत्तीस, महिन्याला ३,६११ रुपये. सगळं घर बसून हा हिशोब तपासत होतं आणि हिशोब बरोबरच होता. पण मुद्दल दर महिन्याला थोडं थोडं फेडलं जातं आणि व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण लाखावर चालू. शिल्लक मुद्दलावर मांडलं तर दर जातो अठरा टक्क्यांच्या जवळ. मी सांगितलं तेव्हा सही होऊन गेली होती. पोरगा दहावीला गणितात चांगल्या मार्कांनी पास झालेला आहे, हे मुद्दाम लिहितो. २०२० मध्ये करोनाच्या वेळीही तसंच झालं. "तालुक्यात दोनच तर पेशंट आहेत," असं म्हणणारे आम्ही सगळे एका तासाचं पाणी पाहून तिसऱ्या तासाचा अंदाज बांधत होतो.

मी एकोणीस वर्षं मुंबईत विम्याच्या हपिसात काढली. तिथे एकाच माणसाचं मरण सांगता येत नाही आणि लाख माणसांचं बरंच नेमकं सांगता येतं, यावर सगळ्यांचे पगार चालत. ते काम कंटाळवाणं होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

भरतीचं मात्र लिहावंसं वाटतं, कारण मोबाइलवर आज जी वेळ दिसते तिच्यामागे आजीच्या पाऊणकीचीच वाढवलेली मांडणी आहे. चंद्रामुळे येणारी मुख्य लाट बारा तास पंचवीस मिनिटांची, सूर्याची बरोब्बर बारा तासांची. दोन्ही एकदम माथ्यावर आल्या की उधाण, एकमेकींच्या विरुद्ध पडल्या की भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यांत कमी. पंधरा दिवसांत त्या एकदा जुळतात, म्हणून अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पण चंद्र कधी जवळ असतो कधी लांब, कधी उत्तरेला झुकतो कधी दक्षिणेला, त्या प्रत्येकाची आणखी एकेक बारीक लाट. सगळ्यांची बेरीज केली की बंदरातलं पाणी. ही बेरीज हाताने करणं म्हणजे जन्म जायचा, म्हणून विल्यम थॉमसनने (पुढचा लॉर्ड केल्विन) १८७२ च्या सुमाराला एक यंत्र आखलं. एकेका लाटेला एकेक कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून एकच दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला पेन. हँडल फिरवा, पेन वर्षभराच्या भरत्या काढून देतं. १८७९ मध्ये तसंच एक खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी लंडनमध्ये बनवलं. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची उंची मोजत होतेच. कोणत्या लाटेचा वाटा किती हे असल्या नोंदींतूनच काढावं लागतं, कारण ते दर बंदराला वेगळं. भावनगरला पाणी दहा-दहा मीटर चढतं, आमच्याकडे त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. चंद्र तोच, पण खंभातच्या आखाताचं तोंड निराळं. म्हणून मुंबईची वेळ लावून आंजर्ल्याच्या खाडीत उतरू नये. माझ्या फोनमध्ये ती आपोआप मुंबईचीच लागलेली असते, दर वेळी बदलावी लागते.

या पट्ट्यात गणिताचं पीक का आलं कोण जाणे. शेजारच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. थोडं खाली मुरुडला शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. पोटासाठी शिक्षकी केली आणि आपल्या ज्योतिर्गणिताचा सगळा इतिहास मराठीत लिहून १८९६ मध्ये छापला. मुर्डीच्या रस्त्याने जाताना पाहुण्यांना मी रँग्लरांचं सांगतो. ते विचारतात, रँग्लर म्हणजे जीप का? मी गप्प बसतो. माझ्याकडे जीपबद्दल बोलायला तोंड नाही.

तो बांबू अजून आहे. पुतण्याने त्यावर वीत-वीत अंतरावर खिळ्याने रेघा मारल्या आणि गेल्या उन्हाळ्यात एक अख्खी भरती, दर अर्ध्या तासाला, वहीत लिहून काढली. आठवीत आहे. नाना येऊन वही उलटीसुलटी बघून गेले. आकडे त्यांना वाचता येतात, पण चष्मा नव्हता.

"काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"पाणी आधी हळू चढतं, मग जोरात, मग परत हळू," पुतण्या म्हणाला.

"बरं," नाना म्हणाले. "उद्या षष्ठी. साडेचारला भरती. चिऱ्यावर ठेवलंय ते जाळं दुपारच्या आत वर घ्या."