नवी बलेनो, नवी अल्ट्रोझ की जुनी जॅझ?

सोयाबीनचे पैसे हाती आले की लातूर-बीडकडच्या अनेक घरांत गाडीचा विषय निघतो आणि दहा लाखांच्या आसपास तो बहुधा प्रीमियम हॅचबॅकपाशी, म्हणजे मागे डिकी बाहेर न आलेल्या पण सोयींनी वरच्या छोट्या गाडीपाशी येऊन थांबतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या गाडीचा भाव करताना मालकाने पूर्वी भरलेल्या बिलाकडे न पाहता त्याच मॉडेलची आजची ऑन-रोड किंमत (कर, नोंदणी आणि विम्यासह) समोर ठेवावी. विकणारे मात्र जुन्या बिलावरूनच बोलणे सुरू करतात.

नव्या गाड्यांत मारुतीच्या बलेनोचे चार सिलिंडरचे १.२ लिटर पेट्रोल इंजिन गुळगुळीत चालते आणि ती दुरुस्त करणारा माणूस अंबाजोगाईतही सापडतो, उदगीरमध्येही. टोयोटाची ग्लान्झा म्हणजे मुळात तीच गाडी, तेव्हा जवळचे सर्व्हिस सेंटर कोणाचे आहे एवढे पाहून निवड केली तरी चालते. टाटाच्या अल्ट्रोझचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन तितके शांत नाही, हे चालवताना लगेच कळते. परंतु धडक चाचणीत २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने आणि २०२५ मध्ये भारत एनकॅपने तिला सुरक्षिततेचे पाचपैकी पाच तारे दिले, तर बलेनोला भारत एनकॅपमध्ये चार मिळाले. शिवाय अल्ट्रोझचे दरवाजे नव्वद अंशांत उघडतात आणि घरात गुडघेदुखीची आजी असेल, तर मोठ्या स्क्रीनपेक्षा ही सोय मला कितीतरी मोलाची वाटते. ह्युंदाईच्या आय-२० ची आतील बांधणी सुबक आहे, मात्र २०२२ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिला तीनच तारे मिळाले होते. कुटुंबाला घेऊन वारंवार समृद्धी महामार्गावर जाणाऱ्यांना मी नवी अल्ट्रोझ घ्या असेच सांगेन.

जुन्यांत सर्वाधिक मागणी फोक्सवॅगनच्या पोलोला असते आणि ती का असते, हे वेगात तिचा स्थिरपणा अनुभवलेल्याला सांगावे लागत नाही. चाकणला तयार होणारी ही गाडी २०२२ मध्ये बंद झाली. मॅन्युअल गिअरची पोलो घेण्यास हरकत नाही, जरी मागे तिघांना दाटीवाटीने बसावे लागते. सात गिअरची डीएसजी, म्हणजे दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पोलो मात्र तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने घेऊ नये, कारण तो गिअरबॉक्स बिघडला तर खर्च मोठा येतो आणि त्याचा जाणकार गाठण्यासाठी संभाजीनगर किंवा पुण्याची वाट धरावी लागते.

माझा कल होंडा जॅझकडे आहे. तीही २०२३ मध्ये बंद झाली, पण तिचे १.२ लिटर पेट्रोल इंजिन अमेझमध्ये आजही असल्याने इंजिनाच्या सुट्या भागांची फारशी धास्ती नाही. मागची जागा ऐसपैस आणि डिकी ३५४ लिटरची आहे. एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ या प्रदूषण निकषाची, पहिल्या मालकाकडची आणि सर्व्हिसच्या नोंदी असलेली जॅझ मिळाली, तर ती नव्या गाडीच्या सर्वांत खालच्या व्हेरियंटपेक्षा सरस ठरते.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांबाबत सावध राहावे. तिकडे दहा वर्षांपुढील डिझेल वाहनांवर निर्बंध आले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले, आणि त्या गाड्या आपल्याकडे येऊ लागल्या. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला रोड टॅक्स आणि नव्याने पासिंग हा सारा हिशेब मांडला की स्वस्ताई फारशी उरत नाही.

टायरवरील चार आकडी खूण अवश्य वाचावी. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी इतके जुने रबर मे महिन्यात समृद्धीच्या काँक्रीटवर ताशी १२० किलोमीटरने नेणे धोक्याचे आहे, म्हणून चार टायरांची किंमत व्यवहारातून वजा करून घ्यावी. गाडीवर बँकेचा बोजा असल्यास बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर विकणारा आणि घेणारा अशा दोघांच्या सह्या झाल्या की विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, आपल्याला मिळत नाही, त्यामुळे विम्याच्या हप्त्यातील तो फरक आधीच विचारून ठेवावा.