थे रक्त जाते कुठं?
बाया कापूस वेचून परतल्या, तेव्हा कुठं आज बैठक सुरू झाली. यवतमाळकडे सीझनमध्ये दुपारी बोलावलं तर ऐकायला फक्त कोंबड्या असतात!

विषय होता 'अंतरा', दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं इंजेक्शन. दर 3 महिन्यांनी एक, सरकारी दवाखान्यात फुकट. पाळी पुढंमागं होते, कधी बंदच होते, हे मी आधीच सांगते. न सांगता सुई टोचली की बाई घाबरून पुन्हा फिरकत नाही. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "ताई, पाळी नाई आली तं थे रक्त पोटातच साचते का?" सगळ्या एकदम गप्प. म्हणजे प्रश्न सगळ्यांचाच होता. पाटीवर गर्भपिशवी काढली. आतलं अस्तरच जाड होत नाही, मग गळणार काय? सोडल्यावर दिवस राहायला 7 ते 10 महिने लागू शकतात, तेही सांगितलं.

"आमची सून तं आपरेशनच करन," एक सासूबाई म्हणाल्या. सून मान खाली घालून.

निघताना तीच जवळ आली. "तांबीले नवऱ्याची सही लागते का वो?"

नाही लागत. 10 वर्षं चालते, नको झाली तर आधीही काढता येते.

"मंग इचार करतो मी."

सासूबाई तेव्हा अंधारात चप्पल शोधत होत्या.