भुईबावड्याचा गेरू

गगनबावड्याला मी पाच-सहा वेळा तरी गेले असेन. दर वेळी दरी बघायची, फोटो काढायचे, कणीस खायचं आणि परत फिरायचं. या वेळी मामा बरोबर होते. त्यांचं सगळं आयुष्य विहिरी खणण्यात गेलं.

कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर, कळे गावाच्या पुढे पाठीचे हाल. गगनगड, मठ, मुक्काम सगळं छान झालं. पण लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल.

भुईबावडा घाटात एका वळणावर गाडी बाजूला घेतली. समोरच्या कड्याला आडवे पट्टे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून लाव्हा वाहायचा, थिजायचा, पुन्हा वाहायचा. त्या थरांचाच हा जिना. दरी मात्र पाण्यानं कोरली. पूर्वेला कुंभी नदी सावकाश पंचगंगेकडे जाते. पश्चिमेचे ओढे थोडक्या अंतरात थेट कोकणात उतरतात, त्यामुळे त्यांना जोर फार. ते मागे मागे कातळ खात आलेत, अजून खातायत.

मी कोकणाकडे बघत होते आणि मामा माझ्याकडे पाठ करून रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीकडे.

"हिकडं ये गं. ह्यो बघ, गेरू."

खाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक, त्या भोकांत पांढऱ्या गारा भरलेल्या. वर काळवत्री, म्हणजे काळा टणक खडक. आणि दोन्हींच्या मधे वीतभर तांबडा पट्टा, तुळशी वृंदावनाला लावतात तसला. बोट फिरवलं तर रंग बोटाला आला.

"विहिरीत ह्यो लागला की आम्ही जपून काम करायचो. ढासळतोय. वरचा खडक कितीबी घट्ट असू दे."

हा पट्टा म्हणजे जुनी जमीन. एक लाव्हा थंड झाला आणि पुढचा येईपर्यंत मधे बराच काळ शांत गेला. तेवढ्यात ऊन-पावसानं खडक कुजला, त्याची माती झाली. मग वरून नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. वरच्या कडेला ती खरंच विटेसारखी कडक लागत होती. पावसानं भिजलेली, उघड्या आभाळाखालची ती जमीन होती. मी तिच्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभी राहिले. एवढं जुनं काही मी आजवर ओळखून हात लावलेलं नव्हतं.

दोन पावलं पुढे त्याच पट्ट्यात कुणीतरी किल्लीनं दोन नावं आणि बदाम कोरला होता. काळवत्रीवर ओरखडा उठत नाही, म्हणून मऊ जागा शोधलेली. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. घाटात येणाऱ्यांनी गाणी लावावीत, भजी खावीत, माझं काही म्हणणं नाही. पण ह्याला हात लावू नका. ही माती पुन्हा कुणी भाजून देणार नाही.

मामा काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर कळ्यात चहा घेताना म्हणाले, "आपल्या थोरल्या विहिरीतबी हाय ह्यो पट्टा. चाळीस फुटांवर. पाणी आटलं की दिसतोय."

त्या विहिरीत मी पोहायला शिकले. आता मे महिन्यात पाणी खाली गेलं की मामांना घेऊन उतरणार आहे.