सरांची चिठ्ठी आणि त्या वर्षीची येळवस

स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहा असा ग्रुपवर मेसेज आला, तेव्हापासून माझ्या डोक्यात येळवसच फिरतीय. बाहेरच्यांना वेळ अमावस्या म्हणून सांगावं लागतं, आणि लातूर-धाराशिव सोडलं तर महाराष्ट्रात बऱ्याच जणांना तेवढ्यानंही कळत नाही. तिकडं बिदर, कलबुर्गीकडं मात्र हाच सण एळ्ळ अमावस्या म्हणून करतात. मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं गाव रानात, गावात माणूस दिसत नाही. ज्याला रान नाही त्याला दुसरा कुणीतरी घेऊन जातोच, त्या दिवशी घरी जेवायचं नसतं.

आपले गणिताचे सर साताऱ्याकडचे, इथं त्यांचं रान नाही, म्हणून आठ दिवस आधीपासून वर्गात भांडणं, सर आमच्याकडं, नाही सर आमच्याकडं! शेवटी सर चिठ्ठ्या टाकायचे, आणि ज्याचं नाव निघेल तो पोरगा त्या दिवशी घरी पळतच जायचा. सर आले की आई भज्जीत, म्हणजे येळवशीच्या मिश्र भाजीत, तुरीचे दाणे, हरभऱ्याचा पाला, वाटाणा, शेंगदाणे सगळं जरा जास्तच टाकणार, आणि बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, नव्या मडक्यातली गार आंबील तर आहेच. दोन दिवस ताकात मुरलेली ती ज्वारीची आंबील सरांना पहिल्या वर्षी आंबट लागली म्हणे, नंतर मात्र तांब्या रिकामा केल्याशिवाय उठायचे नाहीत.

1993 ला मी आठवीत होतो. 30 सप्टेंबरची भूकंपाची पहाट मी इथं लिहीत नाही, या पुस्तकात बाकीच्यांनी लिहिली असेल, आणि वर्गातली जी दोन लेकरं गेली त्यांच्या घरची माणसंपण हे वाचणारेत. एवढंच सांगतो की माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं बसली, शाळा पत्र्याच्या शेडमधी भरायला लागली, आणि आमची आज्जी छताखाली झोपायची बंद झाली. पत्र्याखालीसुद्धा नाही. रात्रभर बाहेर गोधडी घेऊन बसायची, थंडी पडली तरी तसंच, दादांनी किती समजावलं पण ऐकलं नाही.

त्यानंतरची येळवस पुढच्या जानेवारीत आली. वर्गात चिठ्ठ्यांचा विषय कुणीच काढला नाही. मग सरांनीच फळ्याकडं तोंड ठेवून विचारलं, यंदा मला कुणी बोलवणार नाही का रे? सगळे गप. माझा हात कसा वर गेला मला माहीत नाही, घरी विचारलंपण नव्हतं. घरी सांगितलं तर आई रडायलाच लागली, सण कसा करायचा म्हणून. दादा एवढंच म्हणले, रानाला काय झालंय, रान हाय की तिथंच.

मग दादांनी कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी केली, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडले, लक्ष्मीची पूजा झाली, मी आणि धाकटा ओलगे ओलगे म्हणत पिकाभोवती आंबील शिंपडत फिरलो. भज्जी साधीच होती, वाटाणा नव्हता. सर उन्हात मांडी घालून आमच्यासोबत जेवले आणि दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर आज्जी दिसंना. शोधायला गेलो तर ती कोपीत पांडवांच्या बाजूला लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन गाढ झोपलेली. कडबाच तो, पडला तरी काय लागणार आहे. आई दारात उभी राहून बघतच राहिली, चार महिन्यांत आज्जीला दिवसा काय रात्री काय आडवं झालेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

दिवस मावळायला आला, शेजारच्या रानात हेंडगे, म्हणजे मशाली पेटल्या, पोरं त्या घेऊन गव्हा-हरभऱ्याच्या कडंनं ओरडत पळायला लागली. धाकट्यानं आमचापण हेंडगा उचलला तर सरांनी त्याचा हात धरला आणि हळूच म्हणले, थांब रे, आज्जी उठू दे.